दाताळ्याचा मधला दात

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून माझ्या दोन वह्या. एक निळी, जाड पुठ्ठ्याची, नज्वाबाईंनी दिलेली. तीत रोजचं काम लिहायचं: कुठला काटा मोकळा केला, कुठे तुटला, कुठे गोंद लावला, आणि खाली सही. दुसरी ही, जिऱ्याच्या दुकानातून घेतलेली. निळ्या वहीत फक्त खरं लिहायचंय. मग बाकीचं मी लिहू कुठे?

नज्वाबाई राजधानीहून, रबातहून आल्यात. वय तिशीच्या आतबाहेर, पायात फौजी बूट. गावात जीवाश्मांचं दालन उघडणार आहे, त्याच्या त्या प्रमुख. चहा पिता पिता म्हणाल्या, "काका, या गावात साफ झालेले ट्रायलोबाइट, हे दगडातले समुद्री किडे, जगभरच्या काचेच्या कपाटांत बसलेत. पाटीवर विकणाऱ्याचं नाव, विकत घेणाऱ्याचं नाव. ज्यानं साफ केला त्याचं कुठेच नाही. आपल्या दालनात लागणार. मधल्या कपाटातला किडा तुम्ही करायचा. पण एक जरी काटा खोटा निघाला तर..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. तरुणपणी मी रेझिनचे काटे असे करायचो की समुद्रालाही वाटावं, हा आपलाच. गावात अजून म्हणतात, "देवानं दिले वीस, बास्सूनं केले तीस." सोडून बारा वर्षं झाली, तरी म्हणतात.

पाटीवर नाव! एकसष्ट वर्षांत माझं नाव फक्त विजेच्या बिलावर छापून आलंय.

दगड अद्दीनं आणला. अद्दी म्हणजे बायकोचा भाऊ. इस्सूमूर डोंगरावर चर खणतो, बोलतो जास्त. फटफटीवरून, फेट्यात गुंडाळून, बाळंतिणीचं मूल आणावं तसा आणला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाहेरच्या लोकांना वाटतं, दगड फोडला की किडा टुणकन बाहेर पडतो. तो पडत नाही, तोही दगडाबरोबर फुटतो! अर्धं अंग एका तुकड्यात, काट्यांची टोकं दुसऱ्यात. फुटलेल्या कडेवर कवचाची तपकिरी रेघ दिसते, दोऱ्याएवढी. त्यावरून ओळखायचं आत कोण झोपलंय. मग दोन्ही तुकडे पुन्हा जोडायचे आणि वरून दगड कणाकणानं उतरवायचा.

रेघ पाहून सांगतो, हा दाताळ्या आहे. अंगठ्याएवढा जीव, पण तोंडासमोर तीन दातांचं दाताळं, आपण खळ्यात गवत उलटायला वापरतो तसं. डोळ्यांवर शिंगं, पाठीवर सुयांसारख्या काट्यांच्या रांगा. बाई म्हणतात, समुद्राच्या तळाशी एका दमात चिखलाचा लोंढा आला आणि हा होता तसा, काटे ताठ ठेवून, गाडला गेला. कुणी खाल्ला नाही, कुठल्या लाटेनं लोळवला नाही. म्हणून काटान् काटा टिकला. एकोणचाळीस कोटी वर्षं.

मी हे बायकोला, तूदाला सांगितलं. ती मागावर गालिचा विणत होती. म्हणाली, "इज्जाच्या बापा, इतकी वर्षं त्याला कुणी धक्का लावला नाही. आता तू तेवढा जपून लाव."

इज्जा म्हणजे आमची मुलगी, अगादीरला दिलेली. लग्न होऊन ती गेल्यापासून घरात टोमणे खायला मी एकटाच उरलोय.

११ ऑक्टोबर, शनिवार

हवेच्या दाबावर चालणाऱ्या टोचणीनं वरचा जाड दगड उतरवला. पाठ दिसू लागली. दिवा मात्र भिकार निघाला. नवा आणला, तोही तसलाच. हल्ली दिवेच नीट बनवत नाहीत.

तूदा म्हणते, चष्मा घे. अरे वा! जिनं काल सकाळी गल्लीतल्या हद्दूची काकू समजून त्याच्या गाढवाला "सलाम काकू, गुडघा कसा आहे?" म्हणून विचारलं, ती मला डोळे शिकवणार! गल्लीच्या टोकाचं माणूस तिला ओळखू येत नाही. अर्ध्या गावाला वाटतं, बाई फार गर्विष्ठ. मला इथून डोंगरावरची शेळी दिसते, तिचे कान दिसतात. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?

जवळचं थोडं पुसट होतं, एवढंच. ते धुळीमुळे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज गंमत झाली. जेवणाआधी डावीकडच्या पहिल्या काट्याशी झगडत होतो. काटा कुठे संपतो, दगड कुठे सुरू होतो, काही केल्या कळेना. वैतागून टोचणी ठेवली, मसूर-भाकरी खाल्ली, वामकुक्षी घेतली. उठून पाहतो तर काटा निम्म्याहून जास्त मोकळा! म्हणजे मीच केला होता आणि माझ्याच लक्षात नव्हतं. चाळीस वर्षांचा हात आहे, त्याला डोळ्यांची गरजच काय? निळ्या वहीत लिहिलं, 'डावीकडचा पहिला, मोकळा.' सही ठोकली.

चहा मात्र उशिरा मिळाला. तूदाचा गालिचाही आठवडाभर त्याच ओळीवर अडलाय. विचारलं तर म्हणते, "जाड सुई सापडत नाही." बायका वयाबरोबर आळशी होतात, हे माझे वडील म्हणायचे ते खोटं नव्हतं. (माझी आई हे ऐकून त्यांना काय म्हणायची, ते इथे लिहीत नाही.)

१९ ऑक्टोबर, रविवार

काम धडाक्यात चाललंय. सकाळी मी जाड काम करतो, दुपारून उठलो की बारीक काम झालेलं सापडतं. हाताला बरकत आली की असंच होतं.

निळ्या वहीत एक रकाना आहे: 'डोळ्यातल्या भिंगांची संख्या.' या किड्याच्या डोळ्यात मण्यांसारखी बारीक भिंगं रांगेनं बसवलेली असतात. मी तीनदा मोजली. एकदा चाळीस, एकदा दीडशे, तिसऱ्यांदा शिंक आली. शेवटी लिहिलं, 'पुष्कळ.'

संध्याकाळी चहा ओतता ओतता तूदा म्हणाली, "एका डोळ्यात ब्याण्णव आहेत."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. झोपेत बडबडत होतास."

झोपेतसुद्धा माझा हिशोब चुकत नाही. 'पुष्कळ' खोडून 'ब्याण्णव' केलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

घात झाला.

दाताळ्याचा मधला दात मोकळा करत पुढे गेलो, आणि पुढे दगडच नाही. आहे तो नुसता गोंद. दोन तुकड्यांच्या सांध्यात एक खळगा आहे, खजुराएवढा. म्हणजे दगड फुटताना तिसरी कपची उडाली, आणि मधल्या दाताचं टोक आणि पाठीवरच्या एका काट्याचा शेंडा तिच्यातच गेला. मधला दात! ज्याच्यासाठी माणसं हा किडा बघायला येतात, तोच.

अद्दीला बोलावलं. शुक्रवार होता, कुसकुस तयार होतं, तरी मी त्याला दारातच धरलं.

"तिसरी कपची कुठंय?"

"कुठली कपची, दाजी?"

"दगड फुटल्यावर प्रत्येक तुकडा चाटून बघायचा, हे तुला तुझ्या बापानं शिकवलं की नाही?" आमच्यात तुकडा चाटतात. ओला झाला की तपकिरी रेघ उठून दिसते.

अद्दीनं मान खाली घातली. "दाजी, त्या दिवशी सकाळीच दाढ काढली होती. तोंडात हा एवढा बोळा. थुंकी कुठून आणू? म्हणून पेल्यात उरला होता तो चहा ओतला. दोन तुकड्यांवर रेघ दिसली. तिसऱ्यावर नाही दिसली, म्हणून दिला फेकून."

"दगडाला चहा पाजलास? तपकिरी रेघ बघायला तपकिरी चहा?"

"गोड होता," अद्दी म्हणाला. हे सांगून काय साधलं, त्याचं त्याला ठाऊक.

तूदा आतून ओरडली, "त्याला आत घे. शिव्या जेवल्यावर दे, कुसकुस गार होतंय." जेवलो. आठच दिवसांपूर्वी बाईंना निरोप धाडलाय मी, 'काटान् काटा शाबूत.' हात दाखवून अवलक्षण!

२५ ऑक्टोबर, शनिवार

इथे खरं लिहितो. आज मी रेझिनचा डबा काढला.

बारा वर्षं कपाटाच्या मागे होता. टाकला नव्हता, हेही लिहून ठेवतो. तासाभरात दाताचं टोक घडवलं. रंग, बाक, सगळं बेतशीर. हात विसरला नव्हता. कुणाच्या बापाला कळलं नसतं. जिवाला इतका आनंद झाला की मला माझीच भीती वाटली.

तूदा चहा घेऊन आली. टोक उचलून नाकाशी धरलं, मग किड्याकडे वाकून पाहिलं.

"छान केलंयस," म्हणाली. "फक्त खऱ्या दातावर बारीक दाणे आहेत, तीन ओळींत. तू दोनच ओळी काढल्यास."

दाणे? मला तर कधी दिसले नव्हते. "तुला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसलो.

"मला काय कळणार? मी चहावाली," असं म्हणून ती भाकऱ्या भाजायला गेली.

तासभर बसून राहिलो. मग भट्टीपाशी गेलो आणि ते टोक आत टाकलं. मागोमाग डबाही टाकला. असा काही घाण वास सुटला की शेजारीण विचारायला आली. भाकऱ्यांनाही तोच वास. तूदानं तसली भाकरी दोनदा वाढून घेतली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा!

पहाटेच अद्दीच्या फटफटीला गाडा जोडून तिघं इस्सूमूरवर गेलो. अद्दीच्या चराखाली फेकलेल्या दगडांचा ढीग आहे, दोन घरांएवढा. अद्दी म्हणाला, "दाजी, एवढ्यात एक कपची म्हणजे जिऱ्याच्या पोत्यात एक..."

"एक काय?"

"एक जिरं."

"गप्प बैस."

तूदा सरळ ढिगावर चढली आणि वाकून दगड बघू लागली. मी समोरच्या टेकाडावर बसलो, गुडघा दुखतो म्हणून. आणि बसल्या बसल्या डोक्यात आलं: चहा गोड होता! गोड चहावर धूळ बसणार, चिकटणार. म्हणजे ती कपची बाकीच्यांपेक्षा मळकट दिसणार. अद्दीनं जे सांगितल्याबद्दल मी त्याला मनात गाढव म्हटलं होतं, तेच कामाला आलं. तेवढं 'गाढव' परत घेतो.

टेकाडावरून मला सगळा ढीग लख्ख दिसत होता. करड्या दगडांत मळकट ठिपके मोजले, अकरा. मी तिथून ओरडायचं आणि तूदानं उचलायचं.

"डावीकडे! डावीकडे गं! तुझं डावं, माझं नव्हे!"

"माझं डावं मला माहितेय! वर की खाली?"

"ढोपराच्या खाली, चपटा!"

ती उचलायची, नाकाला लावायची, फेकायची. "नाही!" "हा शेळीनं केलाय!" "हाही शेळीचाच!" अद्दी हसून हसून आडवा पडला. शेवटी तिची खोड मोडावी म्हणून मी गुपचूप खाली उतरलो आणि ती उचलायच्या आत एक शेळीचा मीच उचलला, दगड समजून. तेव्हा ती अशी हसली की आमच्या लग्नातली तूदा दिसली मला. त्या दिवशीही माझ्या फेट्यावर कबुतरानं घाण केली होती आणि ती अशीच हसली होती.

नववी कपची. तूदानं नाकाला लावली आणि हसायची थांबली. थुंकी लावून पदरानं पुसली, पुन्हा पाहिली.

"हाच," म्हणाली. "हे बघ दाताचं टोक, दाण्यांच्या तीन ओळी. आणि हा डावीकडचा चौथा काटा, त्याचा शेंडा."

मी तिला उचललं. एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्यासकट. दोघंही पडलो असतो, अद्दीनं धरलं. मग आम्ही चहा केला आणि अद्दीला बजावलं, हा फक्त माणसांना.

येताना गाड्यात मनात आलं, चौथा काटा, हे तिला कसं कळलं? विचारणार होतो, तेवढ्यात खड्डा आला.

३ नोव्हेंबर, सोमवार

कपची बसली. अशी की सांधा बोटाला लागत नाही.

तूदाची तब्येत बघायला हवी. हल्ली सारखी शिंकते. आज भुवईवर पीठ होतं. भाकऱ्या तर शेजारणीकडून आल्या होत्या. मग पीठ कुठलं? विसरभोळी झालीय. म्हातारपण तिलाच आधी गाठणार असं दिसतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मधल्या दाताचं टोक उघडायचं होतं. आज सगळे दिवे लावले, उन्हातही बसून पाहिलं. दिसत नाही. हात तरी काय करणार? टोचणी सटकली आणि दाताच्या शेजारी, केसाच्या अंतरावर, टवका उडाला. केसाच्या अंतरावर!

टोचणी ठेवली. मला दिसत नाही. हे वाक्य पहिल्यांदाच लिहितोय, बोलायचं तर अजून धाडस नाही. जेवलो नाही. जाऊन पडलो. तूदानं येऊन कपाळावर हात ठेवला आणि गेली. नंतर डोळा लागला.

उठलो तर टोक मोकळं. अख्खं.

आता मात्र हाताची बरकत म्हणून चालणार नाही. मी झोपलो असताना माझा हात माझ्याजवळच होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जेवलो, आडवा झालो, घोरायचं सोंग केलं. घोरणं मला चांगलं जमतं, असं ऐकून आहे. पाव तासानं उठून अनवाणी कामाच्या खोलीच्या दाराशी गेलो.

तूदा बसली होती. नाक दगडाला जवळजवळ टेकलेलं, हातात तिची गालिच्याची जाड सुई, ऑलिव्हच्या लाकडाच्या मुठीत बसवलेली. एक कण उचलायचा, फुंकायचा, थांबायचं. ओठांत लग्नातलं गाणं. काट्यांच्या मधून सुई अशी जात होती, जशी ताण्याच्या धाग्यांमधून जाते. दारातून मला सगळं स्वच्छ दिसत होतं, तिच्या भुवईवरची धूळसुद्धा. तेच ते पीठ.

आधी राग आला. नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू? माझ्या घरात, माझ्या दगडावर! मग ती थांबली, कंबर धरून हळूच सरळ झाली आणि दाराच्या उलट बाजूला, बिछान्याच्या भिंतीकडे कान देऊन बसली. माझं घोरणं ऐकू येत नव्हतं ना. मी धावत जाऊन पडलो आणि जोरात घोरायला लागलो.

चहा आला. "झोप झाली?" तिनं विचारलं.

"छान झाली," मी म्हणालो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निळी वही उघडली. डावीकडचा पहिला, सही. दुसरा, सही. भिंगं ब्याण्णव, सही. पंचवीस सह्या, त्यातल्या धड सहा माझ्या. बारा वर्षांत मी एकही खोटा काटा लावला नाही, आणि आता किड्यावर सगळं खरं आहे, खोटा आहे तो फक्त बास्सू.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, नोंद खोटी, किडा बाद. मधलं कपाट गेलं, नाव गेलं, आणि गावाला म्हणायला नवीन म्हण मिळाली. नाही सांगितलं तर पाटीवर 'बास्सू'.

मला ते नाव हवंय. फार हवंय. हे या वहीत लिहून ठेवतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नज्वाबाई आल्या. भिंगाखाली किडा फिरवून फिरवून पाहिला. एकोणीस काटे हवेत उभे, मधला दात टोकापर्यंत. एकच काटा, शेपटीजवळचा, अजून बुडाशी दगडात. बाईंचा चेहरा उजळला. "काका, असा मी रबातमध्येही पाहिला नाही. काट्यांच्या मुळाशी टोचणीचा एकही चरा नाही. कशानं केलंत?"

तूदा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं मला डोळ्यांनी दटावलं. लांबून मला तिचे डोळे नेहमीच नीट दिसतात.

मी म्हणालो, "गालिच्याच्या सुईनं. पण मी नाही. हिनं."

पेले खणखणले. "काहीतरीच काय बोलतोस!" तूदा म्हणाली. "बाई, याला ताप आहे."

"ताप नाही. मला जवळचं दिसत नाही. मी जाड काम केलं, कपचीची जागा लांबून दाखवली. बारीक सगळं हिचं. वहीतल्या सह्या खोट्या आहेत."

तूदानं तबक आदळलं. "मी काय नावासाठी केलं होतं? तुझं नाव लागावं म्हणून केलं! रोज दुपारी तो चेहरा करून झोपायचास... आणि आता सगळं पाण्यात घातलंस!" ओरडता ओरडता ती रडायला लागली. मलाही राहवलं नाही. अद्दी नेमका तेव्हाच आला आणि "कोण गेलं?" म्हणून विचारलं.

बाई निळी वही चाळत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून तूदासमोर ठेवली. "काकू, हा शेवटचा काटा माझ्यादेखत करता?"

तूदानं पदराला डोळे पुसले, सुई घेतली, नाक खाली घातलं. दीड तास. बाईंनी चहाला हात लावला नाही. काटा सुटला तेव्हा बाईंनी इतक्या वेळचा श्वास सोडला. अद्दी टाळ्या वाजवू लागला, मी त्याचे हात धरले. हवेनं काटा मोडायचा!

"किडा खरा आहे," बाई म्हणाल्या. "वहीच तेवढी खोटी आहे. काका, या पानांवर रेघ मारा, फाडू नका. पुढे सगळी नोंद नव्यानं लिहा, जसं झालं तशी. शनिवारपर्यंत."

१९ नोव्हेंबर, बुधवार

ती सांगते, मी लिहितो, मोठ्या अक्षरांत. तिला प्रत्येक काटा आठवतो, कुठल्या दिवशी केला, किती दुपारी लागल्या. "दुसरा काटा, तू त्या दिवशी वांगी खाल्ली होतीस," असलंही सांगते.

"वांगी निळ्या वहीत लिहीत नाहीत," मी म्हटलं.

"खरं लिहायचंय ना? मग लिही."

लिहिली वांगी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दालन उघडलं. सगळा गाव लोटला. भाषणं झाली, खजूर वाटले. अद्दी येईल त्याला दाढेची गोष्ट सांगत होता. आता त्याच्या गोष्टीत तो चहा मुद्दामच ओतलेला असतो.

गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं मधल्या कपाटापाशी गेलो. दिव्याखाली दाताळ्या, काटे असे ताठ की आत्ता चालायला लागेल. खाली पितळेची छोटी पाटी, अरबी अक्षरांत.

"वाच ना," तूदा म्हणाली. ती शाळेत गेली नाही कधी.

मी वाकलो. पिवळा पट्टा, त्यावर मुंग्या. मागे सरलो, मुंग्याही गेल्या. "अक्षरं बारीक कोरलीत."

"चष्मा घे म्हटलं की दिव्याला शिव्या देतोस!" तिनं काचेला नाक लावलं. "मला दिसतंय, पण कळत नाही. थांब, सांगते. पहिल्या ओळीत बरंच काहीतरी आहे."

"तो अद्दी असणार. खोदणारा आधी. दुसरी ओळ सांग."

"एक छोटा दात, डोक्यावर दोन ठिपके. त्याला चिकटून शेपटीवाला वाटोळा. मग कोपरात वाकलेला हात. मग सरळ काठी."

मला पहिल्या वेळीच कळलं होतं. तरी म्हटलं, "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं, बोटानं काचेवर काढून. "काय आहे ते?"

"तू."

"मी काय?"

"तूदा. ते तुझं नाव आहे."

तिचं नाक काचेलाच. काच धुरकट झाली, ती तिनं बाहीनं पुसली. मग म्हणाली, "पुढे आणखी एक दात आहे. त्याचा ठिपका खाली आहे."

"तो मी."

"एकाच ओळीत?"

"एकाच ओळीत. तू आधी."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि मला घेऊन उरलेले खजूर गोळा करायला गेली.

सोमवारी चष्म्याला जायचंय, दोघांनी. तिला हद्दूच्या काकूची माफी मागायची आहे.

निळी वही उद्या बाईंना परत द्यायची. शेवटचं पान कोरं होतं. घरी आल्यावर त्यावर लिहिलं, 'आज काम नाही.' खाली माझी सही. तूदानं पेन मागितलं. नाक कागदाला लावून तिनं दात काढला, दोन ठिपके दिले, शेपटीवाला वाटोळा, वाकलेला हात, सरळ काठी. आयुष्यात पहिल्यांदा. मी लांब उभा राहून पाहिलं. काही मोडलं नव्हतं.